घरच्या घरी कूलंट बदलताना: आत उरलेलं पाणी आणि अडकलेली हवा

छोट्या पेट्रोल गाडीच्या रेडिएटरचा खालचा प्लग उघडला की दोन-तीन लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बाहेर येतो आणि धार थांबते. मॅन्युअलमध्ये मात्र क्षमता चार-पाच लिटर लिहिलेली असते. राहिलेलं कूलंट इंजिनच्या ब्लॉकमध्ये, हीटरच्या जाळीत आणि होज पाइपांमध्ये बसलेलं असतं, आणि प्लग कितीही वेळ उघडा ठेवला तरी ते खाली उतरत नाही. घरी कूलंट बदलताना होणाऱ्या निम्म्या चुका या उरलेल्या द्रवाचा हिशेब न धरल्यामुळे होतात. उरलेल्या निम्म्या होतात आत हवा राहिल्यामुळे. या दोन गोष्टी समजून घेतल्या तर रविवारचा एक दिवस आणि थोडा धीर, एवढ्यात हे काम उत्तम होतं.

पुण्यात कूलंट लागतंच कशाला?

हा प्रश्न वारंवार येतो, कारण डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली गेला तरी इथे पाणी गोठत नाही. पण न गोठणं हा कूलंटचा एकच गुण झाला. आपल्याला त्याचे दुसरे दोन गुण जास्त लागतात. एक म्हणजे गंज थांबवणारी रसायनं. ती संपली की ॲल्युमिनियमचा रेडिएटर, वॉटर पंपाचा पंखा आणि सिलिंडर हेड आतून खाल्ले जायला लागतात. दुसरा म्हणजे उकळण्याचं तापमान. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे साधं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. अर्धं ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) आणि अर्धं पाणी असलेलं कूलंट, वर १.१ बार दाब धरणारं झाकण नीट बसलेलं असेल तर, सव्वाशे अंशांच्या पुढे गेल्यावर उकळतं. मे महिन्यात चार माणसं, सामान आणि एसी घेऊन खंबाटकी किंवा वरंधा घाट चढताना हाच फरक कामाला येतो.

घाटात गाडी तापली म्हणून टपरीवरचं पाणी ओतलं आणि पुढे तसंच चालवत राहिलं, ही सवय रेडिएटरला सगळ्यात महागात पडते. अडचणीत पाणी घालणं चूक नाही, इंजिन वाचवायला तेच करावं लागतं. मात्र घरी आल्यावर आठवड्याभरात ते काढून टाकायला हवं.

आणि पाणी कुठलं, हे फार महत्त्वाचं आहे. वाघोली, वाकड, बावधन अशा भागांतल्या अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. त्या पाण्याने बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. घरचं आरओचं पाणीही डिस्टिल्ड नसतं, त्यात क्षार उरलेले असतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, तेच आणा.

कोणतं कूलंट?

रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा, जांभळा हा नुसता घातलेला रंग असतो. एका कंपनीचं गुलाबी आणि दुसरीचं गुलाबी यांची आतली रसायनं वेगळी असू शकतात. वेगळ्या जातीची दोन कूलंटं मिसळली तर गंजरोधक रसायनं एकमेकांना निकामी करतात, आणि काही मिश्रणांत जेलीसारखा गाळ धरतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन बघा आणि तेच डब्यावर शोधा. कंपनीचं स्वतःचं कूलंट घेतलंत तर प्रश्नच मिटतो. बाहेरचं घेणार असाल तर डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं काही छापलेलं असावं, आणि ते तुमच्या गाडीच्या मागणीशी जुळावं. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगितलं तर योग्य डबा मिळेल, तरी लेबल स्वतः वाचाच.

डबा दोन प्रकारचा असतो: पाणी मिसळून तयार, किंवा बिनपाण्याचं, म्हणजे कॉन्सन्ट्रेट. आत धुऊन काढायचं असेल तर कॉन्सन्ट्रेटच घ्या. कारण पुढे हिशेबात येईल.

आधी जुनं कूलंट बघा

गार इंजिनवर झाकण उघडा आणि टॉर्च मारून बघा. स्वच्छ, रंग टिकलेलं आणि त्याच जातीचं कूलंट असेल तर धुण्याच्या फेऱ्या करायची गरज नाही. रेडिएटर रिकामा करा, त्याला जोडलेली कूलंटची बाटली धुवा, तयार मिश्रण भरा. साठ टक्के द्रव नवा होतो आणि एवढं पुरतं.

तपकिरी, गढूळ, बोटाला गंजाची भुकटी लागत असेल, किंवा आधीच्या मालकाने काय घातलं याचा पत्ता नसेल, तर पूर्ण धुणं.

वर तेलाचा तवंग असेल, किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमली असेल, तर थांबा. तेल आणि कूलंट कुठेतरी एकत्र येत असण्याची शक्यता आहे, बहुतेक वेळा हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. नवं कूलंट घालून ते बरं होत नाही. आधी मेकॅनिकला दाखवा.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी किंवा इन्व्हर्टरसाठी वेगळं कूलंट असतं. त्याला घरी हात लावू नका. विजेवर चालणारा वॉटर पंप असलेल्या काही महागड्या गाड्यांत हवा काढायला स्कॅनर लागतो, त्याही सोडून द्या.

सामान

आठ-दहा लिटरचं पसरट प्लॅस्टिकचं घमेलं, पक्कड, चपटा स्क्रूड्रायव्हर, दहाचा सॉकेट, नरसाळं, मापाची बाटली, जुनं कूलंट भरायला रिकामे कॅन, भरपूर फडकी, रबरी हातमोजे, चष्मा. पूर्ण धुणार असाल तर डिस्टिल्ड वॉटरचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. गाडी उचलावी लागली तर स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करत असाल तर खाली जुना फ्लेक्स अंथरा. कूलंट सांडलेल्या टाइल्सवर पाय सटकतो. आणि याहून गंभीर गोष्ट: एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि ते विष आहे. पार्किंगमधली मांजरं आणि कुत्री ते चाटतात. मांजराला तर चमचाभरही जिवावर बेततं, मूत्रपिंडं बंद पडतात. घमेलं उघडं ठेवून वर चहाला जाऊ नका. सांडलेलं लगेच पुसा, मग भरपूर पाण्याने धुवा. प्राण्याने चाटल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. घरात लहान मुलं असतील तर तीच काळजी.

सोडणं

इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घेणं सगळ्यात चांगलं, नाहीतर निदान तीन-चार तास तरी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, दाबामुळे द्रवरूपात राहिलेलं कूलंट त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर उडतं. रेडिएटरच्या पंख्यापासूनही हात लांब ठेवा, काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही सुरू होतो.

बऱ्याच गाड्यांत रेडिएटरखाली प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ते दहाच्या बोल्टवर आणि क्लिपांवर असतं. ते काढलं की एका कोपऱ्यात छोटा प्लॅस्टिकचा प्लग दिसतो. घमेलं खाली सरकवा, प्लग हाताने किंवा पकडीने हलकेच डावीकडे फिरवा. पाच-सात वर्षं जुनं प्लॅस्टिक उन्हातापाने कडक झालेलं असतं, जोर लावला तर तुटून निम्मा आत राहतो. धार सुरू झाली की वरचं झाकण उघडा, म्हणजे ती जोरात पडते.

प्लग नसेलच, तर रेडिएटरचा खालचा मोठा होज काढायचा. त्यावरची स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा. होज ओढून निघत नसेल तर आधी जागेवरच पिळून मोकळा करा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. रेडिएटरची नळी प्लॅस्टिकची असते, तिला चीर गेली की रेडिएटरच बदलावा लागतो. क्लिप परत बसवताना रबरावर तिचा जुना ठसा दिसतो, बरोबर त्याच ठशावर बसवा. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली की गळती लागते.

आता बाहेर आलेलं सगळं मापा आणि आकडा लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर आहे.

कूलंटची बाटली काढून वेगळी धुवा. तळाशी चिखलासारखा गाळ असतो, तो लांब दांड्याच्या ब्रशने निघतो. घरातल्या निमुळत्या बाटल्या तांदूळ घालून खळखळवतात तसं इथे करू नका, एक दाणा बारीक नळीत अडकला की पुढे शोधत बसावं लागतं. बाटलीपासून रेडिएटरच्या गळ्यापर्यंत जाणारी बारीक रबरी नळी तडकलेली नाही ना, तेही बघा. ती तडकली की गाडी गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत खेचलं जात नाही, नुसती हवा खेचली जाते. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो.

धुणं, आणि त्याचा हिशेब

समजा क्षमता पाच लिटर आहे आणि तीन लिटर बाहेर आलं. म्हणजे दोन लिटर आत. प्लग बंद करून तीन लिटर पाणी भरलं आणि फिरवलं, तर आत ४० टक्के जुनं कूलंट असेल. ते सोडून पुन्हा तीन लिटर भरलं की १६ टक्के. तिसऱ्यांदा, सहाच्या आसपास. म्हणून तीन फेऱ्या. पहिली फेरी महापालिकेच्या नळाच्या पाण्याने चालेल, पुढच्या दोन डिस्टिल्डनेच करा. तसं केलं की शेवटी आत उरलेल्या दोन लिटरमध्ये नळाचं पाणी पाव लिटरही नसतं. बोअरचं पाणी पहिल्या फेरीलाही नको.

प्रत्येक फेरीत पाणी फिरायला हवं, नुसतं भरून सोडलं तर रेडिएटरच धुतला जातो. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरकडे येतच नाही. झाकण लावा, इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा हळू ठेवा. वरचा होज हाताला चटका देईपर्यंत थांबा, मग आणखी पाच मिनिटं चालू द्या आणि बंद करा.

इथे घाई होते. गार व्हायला दीड-दोन तास लागतात, बॉनेट उघडं ठेवलं तरी. कंटाळून गरम इंजिन रिकामं केलं आणि त्यात गार पाणी ओतलं तर सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो किंवा ते वाकतं. तीन फेऱ्यांना पूर्ण दिवस जातो हे आधीच धरून चला, किंवा दोन दिवसांत विभागा. मधे गाडी चालवू नका.

रेडिएटर आतून धुण्याचं (फ्लशचं) रसायन गंज दिसत असेल तरच वापरा, ॲल्युमिनियमला चालेल असं डब्यावर लिहिलेलं असावं, आणि डब्यावरच्या वेळेपेक्षा जास्त वेळ आत ठेवू नका. त्यानंतर पाण्याच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. काही जण संडास साफ करायचं ॲसिड घालतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि गंजाबरोबर रेडिएटरही खातं.

भरणं

शेवटची फेरी सोडल्यावर आत दोन लिटर जवळजवळ शुद्ध पाणी आहे. आता त्यात अर्धंअर्धं तयार मिश्रण तीन लिटर ओतलं तर एकूण पाच लिटरमध्ये ग्लायकॉल दीड लिटर, म्हणजे फक्त ३० टक्के. बाजारातलं काही तयार कूलंट मुळातच ३० टक्क्यांचं असतं. ते ओतलं तर १८ टक्क्यांवर येतं, आणि गंजरोधकही त्याच प्रमाणात पातळ होतं. रंग मात्र छान दिसतो. म्हणूनच कॉन्सन्ट्रेट घ्यायचं.

पाच लिटरच्या गाडीत निम्मं ग्लायकॉल हवं असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आत घाला, उरलेली जागा अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरने भरा. आपल्या हवेत ४० टक्केही पुरतं, मग दोन लिटर कॉन्सन्ट्रेट आणि एक लिटर पाणी. मॅन्युअलमध्ये वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. जास्त घातलं तर जास्त चांगलं, असं मात्र नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलेली गाडी लवकर तापते. बाटलीसाठीचं मिश्रण बाहेरच बनवून घ्या.

प्लग बसवताना त्याची रबरी रिंग बघा, चपटी झाली असेल तर नवी घाला. हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. जोर लावून कसलेला प्लग गळायलाच लागतो.

हवा काढणं

गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. कूलंट ओतायचं तोंड सगळ्यात उंच आलं की हवेला बाहेर पडायची वाट मिळते. सोसायटीचा रॅम्प यासाठी चांगला, हँडब्रेक आणि चाकाखाली दगड लावून.

बारीक धारेने ओता. मधेमधे थांबा आणि वरचा होज मुठीत दाबून सोडा, आठ-दहा वेळा. गळ्याशी बुडबुडे येऊन फुटतात आणि पातळी खाली जाते, परत भरा. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा वरच्या होजवर हवा सोडायचा पेच (ब्लीड स्क्रू) असेल तर तो ढिला करा. आधी फुसफुस होते, मग फेस येतो, मग अखंड धार. अखंड धार आली की बंद.

आता झाकण न लावता, गळ्यात नरसाळं ठेवून इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर. पातळी उतरेल तसं भरत राहा. इंजिन तापताना गळ्यातून थोडं कूलंट उसळतं, म्हणून चेहरा वर धरू नका. वरचा होज गरम झाला की इंजिन दोन हजार आरपीएमवर अर्धा मिनिट धरा. रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद व्हायला हवा, आणि तसा दोनदा. बुडबुडे थांबले, हीटरमधून सलग गरम हवा आली, की झाकण लावा.

रेडिएटरला झाकणच नसेल आणि दाबाखाली चालणारी बाटलीच असेल, युरोपीय आणि अनेक नव्या भारतीय गाड्यांत अशीच व्यवस्था असते, तर बाटलीतून भरायचं, कमाल खुणेपर्यंत, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल त्याप्रमाणे झाकण लावून किंवा न लावता तापवायचं.

सीएनजीच्या गाड्यांना इथे वेगळं लक्ष द्यावं लागतं, आणि पुण्यात त्या भरपूर आहेत. सीएनजीचा रिड्यूसर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. त्यासाठी हीटरच्या होजला टी (इंग्रजी T आकाराचे जोड) लावलेले असतात. हवा नेमकी त्या रिड्यूसरमध्ये जाऊन बसते. गाडी नेहमीसारखी पेट्रोलवरून सीएनजीवर जाईना, किंवा सीएनजीवर गेल्यावर अडखळू लागली, तर किट बिघडलं म्हणून धावपळ करण्याआधी रिड्यूसरच्या दोन्ही नळ्या हाताने चाचपा. इंजिन गरम असूनही त्या गार लागल्या तर हवा अडकली आहे. टीच्या सगळ्या क्लिपाही बघून घ्या, या जोडांना गळती लवकर लागते.

पहिला आठवडा

गाडी पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडा. पातळी उतरलेली असतेच, भरा. बाटली दोन खुणांच्या मधे ठेवा. पहिली फेरी घराजवळच मारा, पाच-सात किलोमीटर, डोळा तापमानाच्या काट्यावर. दुसऱ्या दिवशी लोणावळा ठरला असेल तर पुढे ढकला.

काटा वर जाऊन खाली येत राहिला, डॅशबोर्डमागे पाणी वाहिल्यासारखी खळखळ ऐकू आली, किंवा उभ्या गाडीत हीटर गार आणि रेस दिली की गरम, तर हवा आत आहे. वरची कृती पुन्हा करा. रोज थोडं थोडं कमी होत असेल आणि खाली थेंब नसेल, तर झाकण बघा. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक दाब सोडणारा आणि एक बाटलीतून परत खेचणारा. सकाळी गार गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसला तर दुसरा व्हॉल्व्ह अडकला आहे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, नवं घेताना तोच हवा.

थोडं कूलंट कमी होणं पहिल्या तीन-चार दिवसांत साहजिक आहे. आठवड्यानंतरही कमी होत राहिलं तर ते कुठेतरी जातंय, आणि सायलेन्सरमधून गरम इंजिनवरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर ते सिलिंडरमध्ये जातंय. त्या गाडीने घाट चढू नका.

जुनं कूलंट आणि पहिल्या फेरीचं पाणी कॅनमध्ये भरून, वर ठळक अक्षरांत लिहून, जिथे वापरलेलं ऑइल गोळा करतात अशा सर्व्हिस सेंटरला विचारून द्या. पावसाळी गटारात ओतलं तर ते सरळ मुळा-मुठेत जातं. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, कूलंटची जात, किती टक्के. दोन वर्षं टिकणारं कूलंट असेल तर दोन वर्षांनी बदला, दीर्घायुषी असेल तर मॅन्युअलप्रमाणे; आणि मधे टॉप-अप लागलं तर त्याच डब्यातलं, म्हणून उरलेला डबा झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फडताळात ठेवा.